कानमंत्री गप्प राहिले

कानमंत्र्यांना रंगमंचावर कधी कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते त्यांचंच अपयश ठरलं असतं, कारण त्यांची नोकरीच मुळी न दिसण्याची. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीला लागून एक बुटकं स्टूल, शेजारी कागदाची टोपी घातलेला मिणमिणता दिवा, मांडीवर नाटकाची संहिता आणि चालू ओळीवर बोट ठेवून बसलेले हे गृहस्थ. नटाचं वाक्य अडलं की पुढचा शब्द यांनी द्यायचा. तोही असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेल्याला जाऊ नये. या कामाला प्रॉम्प्टिंग म्हणतात. कंपनीतल्या एका वात्रट नटाने त्यांचं नाव कानमंत्री ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की पेपरवालाही त्यांना त्याच नावाने हाक मारू लागला.

शब्द देणं सोपं असतं. कधी द्यायचा नाही, ते कळायला वेळ लागतो. कानमंत्री नवे असताना कंपनीत थोरल्या बाई म्हणून एक नटी होत्या. त्यांचा एक प्रवेश असा होता, की मुलगा परत येणार नाही हे कळल्यावर त्या खिडकीपाशी जातात आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत. पहिल्याच प्रयोगात बाई खिडकीपाशी गेल्या, गप्प उभ्या राहिल्या, आणि विंगेत आमच्या या नवशिक्याला घाम फुटला. त्याला वाटलं, बाई विसरल्या. त्याने शब्द दिला, आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज जरा मोठाच निघतो. पहिल्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. पडदा पडल्यावर बाई विंगेत आल्या. आता कानाखाली बसणार म्हणून हा गाल सांभाळून उभा.

"मी विसरले नव्हते रे," बाई म्हणाल्या, "मी थांबले होते."

"मग ओळखायचं कसं, बाई?"

"खांद्यांकडे बघायचं. विसरलेल्या माणसाचा श्वास वर चढतो, खांदे कानाला लागतात. थांबलेल्या माणसाचे खांदे खालीच असतात. खांदे खाली आहेत तोवर मूग गिळून बसायचं."

कानमंत्र्यांनी कानाला खडा लावला. त्यानंतर विंगेत त्यांची चूक झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. भलेभले नट प्रयोगाआधी विचारत, "आज स्टुलावर तेच आहेत ना?" आणि हो म्हटलं की निवांत मेकअपला बसत.

पण हे सगळं नाट्यगृहाच्या आत. बाहेर पडलं की दिव्याखाली अंधार. रस्त्यात, दुकानात, जिन्यात कुणी बोलताना जरा अडखळलं की यांच्या तोंडून पुढचा शब्द सुटलाच म्हणून समजा. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले "काल रात्रीपासून माझी पाठ" एवढंच म्हणाले, की हे म्हणणार, "गादी बदला." गादीचा काही संबंध नसायचा. बँकवाल्यांना सांगायचं असायचं, की पाठ कालपासून दुखायची चक्क थांबली आहे. पण तोवर कानमंत्री गादी कुठली घ्यावी, उशी किती उंच असावी, झोपताना कुठल्या कुशीवर वळावं इथपर्यंत पोहोचलेले असायचे. चांगल्या मनाने सांगायचे बिचारे. सल्ला द्यावा आणि समोरच्याचं जगणं थोडं सोपं व्हावं, एवढीच इच्छा. समोरचा मात्र जिना बदलता येतो का ते बघायचा.

आणि यांच्या वाट्याला बायको कशी यावी, तर मोजकं बोलणारी. सगळे तिला काकू म्हणत. काकूंचं आयुष्य टपाल कचेरीच्या काउंटरमागे गेलं. समोर मोठी रांग असली तरी काकू सावकाश बोलायच्या आणि एकदाच बोलायच्या. घरीही तेच. "मला आज वाटत होतं की" असं म्हणून त्या जरा थांबायच्या, आणि तेवढ्यात हे म्हणायचे, "बाहेर जेवायला जाऊ या? चल!" मग दोघं बाहेर जेवून यायची. जेवण चांगलं असायचं, काकू हसायच्याही. काकूंना खरं काय वाटत होतं ते मात्र बरेचदा काकूंपाशीच राहायचं.

एके दिवशी सकाळी काकूंच्या हातातून कप निसटला. फुटला तरी त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. कानमंत्री बोलले त्याला उत्तर आलं नाही. समोरच्या दारातल्या शिंपीणबाई धावत आल्या, बँकवाल्यांनी गाडी काढली, आणि वेळेत दवाखाना गाठला म्हणून बरं. डॉक्टरांनी नंतर तसं सांगितलंही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, ती विरघळली. हाताची पकड परत आली. उजवा पाय किंचित ओढत पडायचा, तोही सरावाने सुधारेल म्हणाले. जिवावरचं शेपटावर निभावलं. कानमंत्र्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लहान मुलासारखं रडून घेतलं आणि मग चेहरा धुऊन आत गेले.

शेपटावर निभावलं ते मात्र असं, की काकूंचे शब्द गेले. समजत सगळं होतं. बातम्या कळायच्या, विनोद कळायचे, कोण खोटं बोलतंय तेही कळायचं. मनात शब्द तयार असायचा, पण तो जिभेपर्यंत यायचा रस्ता खचला होता. चष्मा मागायचा असला की तोंडून चमचा यायचा. आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं, आणि त्या मान फिरवायच्या.

घरी आणल्यावर माणसांची रीघ लागली. आजारी माणसाच्या घरात सल्ल्यांना तोटा नसतो. एकजण म्हणाला आक्रोड द्या. दुसरा म्हणाला आक्रोड अजिबात देऊ नका. कुणी सकाळी अनवाणी गवतावर चालायला सांगितलं, कुणी थंड पाण्याने तोंड धुवायला. लांबच्या एका मेहुण्यांनी तर त्यांना स्वतःला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते पहाटे उठणंच सुचवलं. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती आठवडाभर राहून गेली, आणि गेल्यावर रोज संध्याकाळी तिचा फोन यायला लागला. "आई कशी आहे?" ती विचारायची, आणि आई समोर बसलेली असताना बाबा सगळं सांगायचे. जेवली किती, झोपली किती, आज मूड कसा आहे. काकू ऐकत बसायच्या.

आयुष्यात पहिल्यांदा कानमंत्री सल्ले घेण्याच्या बाजूला होते. उंटावरून शेळ्या हाकणारे एवढे लोक आपण आजवर कसे पाहिले नाहीत, याचं त्यांना नवल वाटलं. शिंपीणबाईंनी तेवढा सल्ला दिला नाही. त्या रोज सकाळी यायच्या, काकूंच्या केसांची वेणी घालून द्यायच्या आणि जायच्या.

मग काकूंना पुन्हा बोलतं करायला थेरपीवाल्या बाई यायला लागल्या. वयाने लेकीएवढ्या, पण आवाजात हेडबाईंचा धाक. त्यांनी आधी टीव्ही बंद करायला लावला. मग खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि कानमंत्र्यांना म्हणाल्या, "एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. हाताने खूण केली तरी चालेल, चित्र काढलं तरी चालेल. कळलं नाही तर कळल्याचं सोंग करायचं नाही. आणि मुख्य म्हणजे शब्द द्यायचा नाही. त्या शोधत असतील तर शोधू द्या."

"पण तिला त्रास होतो हो. माझ्याच्याने बघवत नाही."

"नका बघू. भिंतीकडे बघा. काका, ज्या पायवाटेवर कुणी चालत नाही तिथे गवत माजतं. आत्ताचे हे महिने चालण्याचे आहेत. आत्ता चालल्या नाहीत तर नंतर वाटच सापडायची नाही."

कानमंत्र्यांनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं, अगदी मनापासून पटलं होतं. काकूंचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा यापलीकडे त्यांना जगात काही नको होतं. आणि त्याच दुपारी काकू म्हणाल्या, "मला... च... च..."

"चहा?" कानमंत्री म्हणाले. "चष्मा? चादर? चावी? चप्पल?"

पालथ्या घड्यावर पाणी. काकूंनी शेवटी कंटाळून चहाला मान हलवली. यांनी धावत जाऊन चहा केला, आलं घातलं, कपाखाली बशी ठेवली. तो चहा टेबलावर तसाच निवला. काकूंना काय हवं होतं ते त्या दिवशी कळलंच नाही.

असं होत होत काकूंनी सुरुवात करणंच सोडलं. काही हवं असलं की त्या फक्त यांच्याकडे बघायच्या, आणि हे त्या नजरेवरून ओळखायचे. पाणी, औषध, खिडकी, शाल. दहातल्या आठ वेळा बरोबर यायचं, आणि कानमंत्र्यांना त्याचा अभिमानही वाटायला लागला. एकदा तर त्यांनी थेरपीवाल्या बाईंना सांगितलं, "आता आम्हाला शब्दांची गरजच पडत नाही बघा."

बाईंनी हातातली चित्रांची कार्डं खाली ठेवली.

"काका, तुम्ही फार चांगले आहात. हीच अडचण आहे," त्या म्हणाल्या. "आणि आरशात बघितलंय कधी? गळ्याची हाडं मोजता येतायत. झोप लागते का?"

"लागते की."

काकूंनी मान हलवली. नाही लागत.

"तुम्ही पडलात तर मला दोन पेशंट होतील, आणि मला एकच झेपतो. उद्यापासून आठवड्यातली एक दुपार घराबाहेर. मित्राकडे जा, बागेत जा, कामाला जा. घरात बसायचं नाही."

"आणि हिला काही लागलं तर?"

"तर त्या बघतील काय करायचं ते. चालतायत, जेवतायत. समोर शेजारीण आहे. काकू, चालेल ना तुम्हाला?"

काकूंनी इतक्या पटकन मान हलवली की कानमंत्र्यांना थोडं लागलंच.

म्हणून पुढच्या आठवड्यात, शिंपीणबाईंना पुन्हा पुन्हा बजावून आणि दोनदा अर्ध्या जिन्यातून परत येऊन, कानमंत्री तालमीला गेले. स्टूल तिथेच होतं. दिव्याची टोपी बदललेली होती. विंगेतल्या धुळीचा, सरसाचा आणि जुन्या कापडाचा वास नाकात गेला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांना आपण श्वास घेतोय असं वाटलं. थेरपीवाल्या बाईंचं खरंच होतं. माणसाला स्वतःचं स्टूल लागतं.

त्या नाटकात मालिकेतला एक नावाजलेला नट आणला होता. देखणा, गोड बोलणारा, आणि पाठांतराच्या नावाने आनंद. त्याला एवढंच माहीत होतं, की डाव्या विंगेत एक हुकमी म्हातारा बसतो. वाक्य अर्धं झालं की त्याची मान डावीकडे वळायची. शब्द मिळाला की पुढे. पुन्हा मान. प्रवेश कसा, टेनिसचा सामना बघावा तसा चालला होता. कानमंत्री मात्र खुशीत होते. एकही शब्द चुकू दिला नव्हता.

दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर मागून आले आणि कानमंत्र्यांच्या कानाशी लागले. "उठा इथून."

"का? चुकलं काही?"

"काही चुकलं नाही. तेच तर. तुम्ही आहात तोवर हा गडी तोंड उघडायचे कष्ट घ्यायचा नाही. समोर प्रेक्षकांत जाऊन बसा. त्याला सांगू नका."

कानमंत्री पायऱ्या उतरून अंधारात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. रंगमंचावर नटाने वाक्य अर्धं म्हटलं आणि मान डावीकडे वळवली. स्टूल रिकामं. त्याने पुन्हा बघितलं. त्याचे खांदे कानाला लागले. कानमंत्र्यांच्या जिभेवर शब्द आला होता, तो त्यांनी दातांखाली धरला. नट घशात काहीतरी पुटपुटला, हात चोळले, दोन पावलं उगीचच चालला. आणि मग कुठून कोण जाणे, त्याला वाक्य आठवलं. जरा वाकडंतिकडं होतं, पण त्याचं स्वतःचं होतं. त्याच्यापुढचं वाक्य सरळ आलं. त्यानंतर त्याने डावीकडे बघितलं नाही.

मास्तरांनी लांबून अंगठा वर केला. कानमंत्र्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना घरातल्या त्या समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या दिसत होत्या आणि त्यांच्याकडे वळणारी काकूंची मान. इतके दिवस आपण बायकोची सेवा करतोय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी छत्री घेतली, मास्तरांना काहीतरी खूण केली आणि घराकडे निघाले. बस लवकर येईना म्हणून अर्धा रस्ता चालत गेले. वाट बुजली असेल का, आता फार उशीर झाला असेल का, हेच वाटभर डोक्यात होतं.

इकडे घरी वेगळंच नाटक सुरू झालं होतं. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, आणि प्लंबरला निरोप देऊन देऊन कानमंत्री थकले होते. प्लंबर हा प्राणी, ज्याने बोलावलं तो घरी नसेल तेव्हाच येतो. तो आला, काकूंनी दार उघडलं, शिंपीणबाईंनी आपल्या दारातून बघितलं, प्लंबरच आहे म्हणून त्या परत शिलाईला बसल्या. मशीनच्या आवाजात त्यांना पुढचं काही ऐकू गेलं नाही. आणि या शहाण्याने पाणी बंद न करताच नळ फिरवून काढला.

कानमंत्री जिना चढून आले तेव्हा दार उघडंच होतं आणि उंबऱ्याखालून पाणी बाहेर येत होतं. ते आत धावणार तोच त्यांना प्लंबरचा आवाज ऐकू आला.

"काकू, मेन कॉक कुठे आहे? पाणी बंद कुठून होतं?"

दारातून स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. प्लंबर भिंतीतल्या पाइपावर दोन्ही तळवे दाबून उभा होता, आणि त्याच्या बोटांमधून पाणी चारी दिशांना उडत होतं. काकू ओट्याशी उभ्या. पदर भिजलेला, वेणी भिजलेली. त्यांची पाठ दाराकडे होती.

"वर..." काकू म्हणाल्या.

प्लंबरने वर बघितलं. "माळ्यावर?"

काकूंनी मान आडवी हलवली. "वर... ग... ग..."

"गॅस? गॅसच्या वर? गिझर? गिझरपाशी आहे का?"

कॉक गच्चीवर होता. टाकीच्या मागे. या जुन्या इमारतीत तो तिथेच असायचा, आणि ते कानमंत्र्यांना स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. गच्ची. दोन अक्षरं. विंगेतून टाकावा तसा हलकेच टाकला असता तरी काम झालं असतं. पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं होतं.

तोंड उघडलं, आणि त्यांची नजर काकूंच्या खांद्यांवर गेली.

खांदे खाली होते.

कानमंत्र्यांनी तोंड मिटलं. चौकटीला धरून उभे राहिले.

"गादी? गोदाम? गल्ली?" प्लंबर पाण्यातून ओरडत होता. "गल्लीत आहे का काकू?"

काकूंनी हात वर केला. टपाल कचेरीत रांगेत गोंगाट झाला की त्या करायच्या, तसाच.

"गप्प!" त्या म्हणाल्या.

शब्द खणखणीत होता. प्लंबर गप्प झाला. कानमंत्री तर आधीपासूनच गप्प होते, ते आणखी झाले. फक्त पाण्याचा आवाज येत राहिला. काकू ओट्यावर हात टेकून उभ्या होत्या. बराच वेळ गेला असं कानमंत्र्यांना वाटलं. पाणी आता त्यांच्या मोज्यांत शिरलं होतं. ते खांद्यांकडे बघत राहिले, आणि खांदे वर चढले नाहीत.

"गच्चीवर," काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "टाकीच्या... मागे."

प्लंबरने पाइप सोडला, पाण्याचा लोट समोरच्या भिंतीवर आदळला, आणि तो दाराकडे पळत सुटला. दारात कानमंत्र्यांवर आदळता आदळता राहिला.

"काका! तुम्ही इथे उभे? आणि सांगायचं नाही?"

"अहो, ती सांगत होती ना," कानमंत्री म्हणाले.

प्लंबर त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघून जिना चढून गेला. थोड्या वेळाने पाण्याचा जोर कमी झाला, मग धार झाली, मग थेंब, आणि मग घर शांत झालं. कानमंत्र्यांचा जीव भांड्यात पडला. तसा तो पाणी थांबायच्या आधीच पडला होता.

काकू वळल्या. नवऱ्याला दारात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. कधीपासून उभे आहात, असं त्यांनी विचारलं नाही. बुटांकडे बघितलं, विजारीकडे बघितलं आणि काय ते समजल्या.

"अगं," कानमंत्री म्हणाले, "मी... मला ना..."

आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवलेल्या या माणसाला पुढे काही सुचेना. काकू ओट्याला टेकल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना घाई नव्हती. त्यांनी शब्द दिला नाही, मानेने खूण केली नाही, काही नाही.

"मला फार बरं वाटलं," कानमंत्री शेवटी म्हणाले.

काकूंनी मान हलवली. मग दाराआडच्या फडक्याकडे बोट दाखवलं.

"पुसा," त्या म्हणाल्या.

कानमंत्र्यांनी विजार दुमडली आणि पुसायला लागले. प्लंबर खाली आला, नळ बसवून दिला, आणि काकूंशी बोलताना एकेक वाक्य संपवून थांबायला लागला, हे कानमंत्र्यांनी फरशीवरून ऐकलं. शिंपीणबाई मशीन बंद करून आल्या आणि आपण काय चुकवलं ते कळल्यावर कपाळाला हात लावून तिथेच दुसरं फडकं घेऊन बसल्या. "काकू, पुन्हा एकदा म्हणा ना, गप्प!" असं त्या म्हणत राहिल्या. काकूंनी म्हटलं नाही. हसल्या मात्र भरपूर.

यानंतर सगळे शब्द एकदम परत आले, असं काही झालं नाही. अजूनही चष्म्याचा चमचा होतो. काही दिवस बरे जातात, काही दिवशी काकू वैतागतात आणि खोलीचं दार लावून घेतात. कानमंत्री आठवड्यातली ती दुपार आता चुकवत नाहीत, आणि घरी आपली खुर्ची त्यांनी काकूंच्या समोरून काढून बाजूला मांडली आहे, जिथून काकूंचे खांदे दिसतात आणि काकूंना मान वळवल्याशिवाय यांचा चेहरा दिसत नाही. थेरपीवाल्या बाईंना हे आधी पटलं नाही, मग पटलं. जिन्यात बँकवाले पाठीचं सांगायला लागले तर कानमंत्री शेवटपर्यंत ऐकून घेतात. मध्येच सल्ला मिळाला नाही की बँकवाल्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पण त्या दिवशीचं तेवढं सांगायचं राहिलं. फरशी पुसून होत आली होती आणि संध्याकाळच्या वेळेला लेकीचा फोन आला. कानमंत्र्यांनी ओल्या हातानेच उचलला.

"बाबा, आई कशी आहे?"

नेहमीचं उत्तर जिभेवर तयार होतं. जेवली, झोपली, आज तर कमालच केली, अगं ऐक. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू खुर्चीत बसून टॉवेलने वेणी पुसत होत्या.

"तिलाच विचार," कानमंत्री म्हणाले. त्यांनी फोन काकूंसमोर टेबलावर ठेवला, त्याचा आवाज मोठा केला, आणि बादली उचलून स्वयंपाकघरात गेले.

मागे बराच वेळ शांतता होती. "आई?" लेक म्हणाली. पुन्हा शांतता. कानमंत्र्यांनी मागे वळून बघितलं नाही. फडकं पिळायलाही थांबले, आवाज होऊ नये म्हणून.

"बरी," काकूंचा आवाज आला. "बरी आहे. तुझे बाबा..."

लेक पुढे काही विचारायला गेली नाही. बापाची लेक असूनही तिने थांबायचं कसं ओळखलं, देव जाणे.

"तुझे बाबा... भिजले," काकू म्हणाल्या, आणि फोनमधून लेकीचं हसणं आणि रडणं एकदमच ऐकू आलं. मग कानमंत्र्यांनी फडकं पिळलं.